ज्याची रांग लांब, तो अध्यक्ष: युगांडाच्या गावकारभाराची गोष्ट

हेडफोन लावून ऐकणाऱ्यांसाठी भाग आहेच, आणि ज्यांना वाचायला आवडतं त्यांच्यासाठी हे त्याचं लेखी रूप. थोडं सावरून लिहिलंय, पण बोलणं बोलण्यासारखंच ठेवलंय.

आज आपण जाणार आहोत पूर्व आफ्रिकेतल्या युगांडा या देशात. तारीख आहे १० जुलै २०१८. गावोगावी लोक मोकळ्या जागेत जमलेत. गावचा अध्यक्ष निवडायचाय. पण मतपत्रिका नाही, मतपेटी नाही, मशीन तर नाहीच. उमेदवार एका ओळीत उभे राहतात आणि लोक आपापल्या उमेदवाराच्या मागे जाऊन रांग लावतात. मग एकेक डोकं मोजायचं. ज्याची रांग लांब, तो अध्यक्ष. दुपारपर्यंत निकाल सगळ्यांना माहीत!

ऐकायला गंमत वाटते ना? पण त्या दिवशी रांगेत उभ्या असलेल्या कित्येक तरुणांनी अशी निवडणूक आयुष्यात पहिल्यांदाच पाहिली होती. कारण याआधीची झाली होती २००१ मध्ये. मधली १७ वर्षं गावात अध्यक्ष होते, त्यांचे शिक्के चालत होते, निवाडे होत होते, फक्त निवडणूक होत नव्हती.

मी जेव्हा या देशाचा इतिहास वाचायला घेतला, तेव्हा मला सगळीकडे एकच प्रश्न पुन्हा पुन्हा दिसायला लागला. गावाचा जो कुणी प्रमुख आहे, तो उत्तर कुणाला देतो? वर बसलेल्या साहेबाला, की खाली राहणाऱ्या शेजाऱ्याला? तो प्रश्न हातात धरूनच आजचा भाग ऐका. सव्वाशे वर्षांची गोष्ट आहे, पण सोपी होईल.

राजा, प्रमुख आणि तीन रुपये

व्हिक्टोरिया सरोवराच्या उत्तरेला बुगांडा नावाचं एक मोठं राज्य होतं. राजाला म्हणत कबाका. राज्याचे मोठे विभाग म्हणजे साझा, त्याखाली गोम्बोलोला, त्याखाली मुलुका. साधारण आपल्या जिल्हा, तालुका, गावगट अशा उतरंडीसारखं समजा. प्रत्येक पायरीवर एक प्रमुख. हे प्रमुख कबाकाच्या मर्जीतले. पण रयतेच्या हातातही एक गोष्ट होती: प्रमुख फारच छळायला लागला, तर माणसं उठून दुसऱ्या प्रमुखाच्या हद्दीत राहायला जायची. माणसंच गेली तर प्रमुख कसला? त्यामुळे थोडा तरी वचक राहायचा.

मग इंग्रज आले. १० मार्च १९०० रोजी ब्रिटिश सरकारच्या वतीने हॅरी जॉन्स्टन यांनी बुगांडाशी करार केला. कबाका तेव्हा लहान मूल होता, कारभार मोठे सरदार बघत होते. राज्याचे २० साझा ठरले. साझा प्रमुखांना वर्षाला २०० पौंड पगार सुरू झाला. सुमारे १००० प्रमुख आणि बड्या लोकांसाठी ८००० चौरस मैल जमीन ठरवली गेली, आणि तीही खाजगी मालकीची. आणि रयतेवर काय आलं? झोपडीपट्टी! म्हणजे झोपड्यांची वस्ती नव्हे हं, झोपडीवरची पट्टी, कर. राहत्या प्रत्येक झोपडीमागे वर्षाला ३ रुपये.

हो, रुपये. तेव्हा ब्रिटिश पूर्व आफ्रिकेत आपला हिंदुस्थानी रुपया चालायचा. मुंबईच्या बाजारात खुळखुळणारं नाणं तिकडच्या शेतकऱ्याला सरकारात भरावं लागत होतं.

आता बघा काय झालं. प्रमुखाला पगार इंग्रज देणार, जमिनीचा कागद इंग्रज देणार, कर त्याने इंग्रजांसाठी गोळा करायचा. वर्षातून ठरलेले दिवस रस्त्याच्या कामासाठी फुकट मजुरीही तोच करून घेणार. भांडणाचा निवाडा तोच करणार, तुरुंगातही तोच टाकणार. मग तो रयतेला कशाला विचारेल? त्याचं तोंड आता कायमचं वरच्या दिशेला वळलं.

चौकट उचलली आणि दुसरीकडे ठेवली

इंग्रजांना ही बुगांडाची चौकट इतकी आवडली की त्यांनी ती देशभर बसवायला घेतली. सेमेई काकुंगुलू नावाचा बुगांडाचा एक सेनानी होता. त्याने पूर्वेकडचा मोठा मुलूख इंग्रजांसाठी ताब्यात आणला, तिथे साझा आणि गोम्बोलोला आखले, आपली माणसं प्रमुख म्हणून बसवली. आजचं म्बाले शहर वसवलं तेही त्यानेच. अडचण अशी की त्या भागातल्या कितीतरी समाजांत राजा किंवा नेमलेला प्रमुख हा प्रकारच नव्हता. वडीलधारी मंडळी, कुळं, वयोगट बसून निर्णय घ्यायचे. त्यांच्या डोक्यावर अचानक परक्या भाषेत हुकूम सोडणारा साहेब आला.

पश्चिमेला बुन्योरो हे बुगांडाचं जुनं प्रतिस्पर्धी राज्य. तिथेही बुगांडाचे लोक प्रमुख म्हणून नेमले. १९०७ मध्ये बुन्योरोच्या लोकांनी सरळ सांगितलं, आम्हाला हे नकोत. त्या उठावाला न्यांगिरे म्हणतात, अर्थ साधारण ‘मी नाकारतो’. उठाव मोडला गेला, पण नाव राहिलं.

आणि १९४९ मध्ये खुद्द बुगांडात भडका उडाला. लोक कबाकाच्या वाड्यासमोर जमले. मागण्या दोन ठळक होत्या. एक, आमचा कापूस आम्हाला स्वतः पिंजू द्या आणि विकू द्या. इथेही आपला संबंध आहे बरं का, कारण तिथल्या जिनिंगच्या धंद्यात भारतीय व्यापारी मोठ्या प्रमाणावर होते. आणि दुसरी मागणी, आमचे प्रमुख आम्हाला निवडू द्या. दंगल झाली, प्रमुखांची घरं जाळली गेली. आता विचार करा, स्वातंत्र्याच्या १३ वर्षं आधी साधा शेतकरी म्हणतोय की माझ्या गावचा प्रमुख मी निवडणार. राग नेमका कुणावर होता, हे जळालेल्या घरांवरून कळतं.

स्वातंत्र्य आलं, साहेब बदलले

९ ऑक्टोबर १९६२ रोजी युगांडा स्वतंत्र झाला. पहिल्या घटनेत बुगांडाला संघराज्यासारखे विशेष अधिकार होते, बाकी जिल्ह्यांतही परिषदा होत्या. हे फार टिकलं नाही. मे १९६६ मध्ये पंतप्रधान राहिलेले आणि नुकतेच राष्ट्राध्यक्ष झालेले मिल्टन ओबोटे यांनी कबाकाच्या वाड्यावर सैन्य घातलं. कबाका देश सोडून गेला. १९६७ च्या घटनेने राज्यं संपवली आणि त्याच वर्षीच्या कायद्याने स्थानिक कारभाराच्या सगळ्या दोऱ्या राजधानीतल्या मंत्र्याच्या हातात गेल्या.

जानेवारी १९७१ मध्ये इदी अमीनने सत्ता घेतली. जिल्हा परिषदा बरखास्त झाल्या, प्रांतांवर लष्करी माणसं राज्यपाल म्हणून आली. १९७२ मध्ये त्याने आशियाई लोकांना देशाबाहेर काढलं, ते बहुतेकांना माहीत असतं. पण त्याच वेळी गावातल्या आफ्रिकन माणसाचं काय झालं, हे फारसं कुणी सांगत नाही. त्याच्या गावचा प्रमुख आता बंदुकवाल्याला उत्तर देत होता.

जंगलात जन्मलेली समिती

१९७९ मध्ये अमीन पडला. डिसेंबर १९८० ला निवडणूक झाली, ओबोटे पुन्हा आले आणि निकालावरून मोठा वाद झाला. ६ फेब्रुवारी १९८१ ला योवेरी मुसेवेनी यांच्या मूठभर साथीदारांनी काबांबाच्या लष्करी छावणीवर हल्ला केला आणि गनिमी युद्ध सुरू झालं. त्यांचा मुख्य मुलूख कंपालाच्या उत्तरेचा लुवेरो भाग.

गनिमी युद्धाचं गणित आपल्याला नव्याने सांगायला नको. लोक सोबत नसतील तर जंगलात एक आठवडासुद्धा निघत नाही. धान्य कुठून आणायचं, शत्रूची खबर कोण देणार? त्यासाठी गावागावात गुपचूप समित्या उभ्या राहिल्या. पुढे जो भाग बंडखोरांच्या ताब्यात आला, तिथे या समित्या उघडपणे निवडल्या जाऊ लागल्या आणि सरकारी प्रमुख बाजूला पडले. त्यांचं नाव पडलं रेझिस्टन्स कौन्सिल, म्हणजे प्रतिकार परिषद. लोक नुसतं आरसी म्हणायचे.

२६ जानेवारी १९८६ ला बंडखोरांनी कंपाला घेतलं आणि जंगलातली ही रचना देशभर लागू करायचं ठरलं. १९८७ मध्ये त्याचा कायदा झाला.

रचना अशी. गावातला प्रत्येक प्रौढ माणूस परिषदेचा सदस्य. गाव मिळून नऊ जणांची समिती निवडणार: अध्यक्ष, उपाध्यक्ष, सचिव, आणि सुरक्षा, पैसा, माहिती, तरुण, महिला अशी खाती. ही झाली आरसी एक. शेजारच्या गावांच्या समित्या एकत्र येऊन पुढची नऊ जणांची समिती निवडणार, ती आरसी दोन. अशा पाच पायऱ्या चढत आपण जिल्ह्यापर्यंत पोचतो, आरसी पाच. एक जागा महिलांसाठी सक्तीची होती. ज्या गावात बाईने सभेत बोलणं म्हणजे आगाऊपणा होता, तिथे आता तिच्यावाचून समिती पूर्णच होत नव्हती.

या समित्या करायच्या काय? युद्धानंतर साखर, मीठ, साबण मिळत नव्हता, तर तो गावात वाटणं यांच्याकडे. रात्रीची गस्त यांच्याकडे. १९८८ पासून छोट्या भांडणांचा निवाडाही यांच्याकडे. उसने पैसे, बांधावरची कटकट, दुसऱ्याच्या शेतात घुसलेली बकरी. गावातच, गावच्या भाषेत, कोर्टाच्या पायऱ्या न चढता. पुढे २००६ च्या कायद्याने या गावकोर्टांना जे आदेश देता येतात त्यात भरपाई आहे, समेट आहे आणि चक्क ‘माफी मागा’ हाही आदेश आहे. मला ही तरतूद फार आवडते. शेजाऱ्याशी भांडण झालं तर निम्म्या वेळा आपल्याला तेवढंच तर हवं असतं.

आणि सगळ्यात मोठी गोष्ट, गावाला आपला अध्यक्ष काढताही येत होता. ज्याने पिढ्यान् पिढ्या प्रमुखाचा फटका खाल्लाय, त्याला हे केवढं वाटलं असेल!

मुंबईत जन्मलेला अभ्यासक

नव्या सरकारने स्थानिक कारभार तपासायला एक आयोग नेमला. त्याचे अध्यक्ष होते महमूद ममदानी. जन्म १९४६, मुंबईचा. वाढले कंपालात. १९७२ मध्ये अमीनने हाकलून दिलेल्यांपैकी एक. १९८० च्या दशकात ओबोटे सरकारवर टीका केली म्हणून त्यांचं नागरिकत्व काढून घेतलं गेलं. ज्या देशाने दोनदा बाहेर काढलं, त्याच देशाचा गावगाडा कसा चालावा हे तपासायचं काम १९८६ नंतर त्यांच्याकडे आलं! त्यांचा मुलगा झोहरान १९९१ मध्ये कंपालात जन्मला, आणि २०२५ मध्ये न्यूयॉर्क शहराचा महापौर म्हणून निवडून आला. रील्समध्ये त्याला पाहिलं असेलच.

ममदानींनी १९९६ च्या आपल्या पुस्तकात मांडलेला मुद्दा आपल्या प्रश्नाला थेट भिडतो. वसाहतीच्या काळातल्या प्रमुखाकडे नियम करणं, राबवणं, निवाडा करणं आणि कर घेणं हे सगळं एकाच मुठीत होतं. गोरा साहेब लांब शहरात. शेतकऱ्याला रोज भेटणारी हुकूमशाही ही ती मूठ. मग स्वातंत्र्य मिळून राजधानीतला झेंडा बदलला, पण मूठ तशीच राहिली, तर गावासाठी काय बदललं? आरसीने ती मूठ उघडायचा प्रयत्न केला होता.

कागदावर सोन्याचे दिवस

१९९० च्या दशकात युगांडाचं जगभर कौतुक झालं. १९९२ मध्ये विकेंद्रीकरणाचा कार्यक्रम जाहीर झाला, १९९३ पासून १३ जिल्ह्यांत सुरुवात झाली. १९९५ ची नवी घटना आली आणि प्रतिकार परिषदेचं नाव बदलून लोकल कौन्सिल झालं. आरसीची एलसी झाली. १९९७ चा स्थानिक शासन कायदा आजही पाया आहे.

त्यातला पैशांचा हिशोब नीट ऐका. ग्रामीण भागात उपतालुका पातळीवर, म्हणजे एलसी तीनकडे, कर जमा होतो. त्यातले ३५ टक्के जिल्ह्याला, ६५ टक्के उपतालुक्याकडे. मग या ६५ टक्क्यांतल्या रकमेचे वाटे होतात, आणि त्यात गावाचा वाटा २५ टक्के. म्हणजे १०० शिलिंग गोळा झाले तर साधारण १६ शिलिंग परत गावात! शिवाय स्थानिक परिषदांमध्ये एक तृतीयांश जागा महिलांना.

एवढं छान होतं, तर बिघडलं कुठे?

तीन गोष्टी घडल्या

पहिली, पैसा. गावाकडे येणारा मोठा पैसा एका करातून यायचा, ग्रॅज्युएटेड टॅक्स. प्रौढ पुरुषावर ऐपतीप्रमाणे बसणारा डोईपट्टीसारखा कर. लोकांना त्याचा मनापासून तिटकारा, आणि तो योग्यच होता. थकबाकीदाराला पकडायला पहाटे माणसं यायची, लोक झुडपात लपायचे. २००६ च्या निवडणुकीच्या तोंडावर हा कर बंद झाला. लोक खूश झाले. पण त्याच्या जागी तसं भक्कम उत्पन्न आलं नाही. जिल्हे आता जवळपास पूर्णपणे केंद्राच्या अनुदानावर चालू लागले, आणि ते अनुदान कशावर खर्च करायचं हे वरूनच ठरून यायचं. कर त्रासदायक होता, पण ‘माझे पैसे कुठे गेले’ असं विचारायचा हक्क त्यातून यायचा. अनुदानाचा हिशोब मागायला लोक तितक्या तावातावाने जात नाहीत.

दुसरी, माणसं. प्रत्येक जिल्ह्याला निवडून आलेला एलसी पाच अध्यक्ष असतो. त्याच्या शेजारी राष्ट्राध्यक्षांनी नेमलेला निवासी जिल्हा आयुक्तही असतो. जिल्ह्याचा मुख्य प्रशासकीय अधिकारी आधी जिल्ह्याच्या पातळीवर नेमला जायचा, २००५ च्या घटनादुरुस्तीनंतर त्याची नेमणूक केंद्राकडे गेली. आणि जिल्हे तर वाढतच गेले. १९८६ मध्ये ३३ होते, १९९५ च्या घटनेत ३९, आज १३५ च्या आसपास. जवळ कचेरी आली म्हणून लोकांना जिल्हा हवा असतो, यात काही चूक नाही. पण तेवढ्याच पैशात कचेऱ्या, गाड्या, खुर्च्या वाढत गेल्या. आणि लहान, कमकुवत जिल्हा केंद्राशी भांडणार तरी कसा?

तिसरी गोष्ट सगळ्यात महत्त्वाची. २००५ च्या सार्वमतानंतर देशात पुन्हा बहुपक्षीय पद्धत आली. त्याआधी निवडणुका पक्षाविना व्हायच्या, सगळी रचना त्याच हिशोबाने होती. २००७ मध्ये घटना न्यायालयाने सांगितलं की नव्या पद्धतीत जुन्या नियमांनी गावपातळीच्या निवडणुका चालणार नाहीत. मग नव्या नियमांनी घ्यायच्या ना? तर पैसे नाहीत. देशात ६०,००० हून जास्त गावं, एवढ्या मतपत्रिका छापायच्या म्हणजे केवढा खर्च. पुढच्या वर्षी बघू. मग त्याच्या पुढच्या.

इकडे कायद्याच्या दृष्टीने जुन्या गावअध्यक्षांचा पायाच गेलेला, पण रोजचं काम थांबत नव्हतं. ओळखपत्र काढायचंय? एलसी वनचं पत्र आणा. जामीन हवाय? पत्र आणा. जमीन विकायचीय? त्यांची सही आणि शिक्का. या काळातल्या गावकोर्टांचे निवाडे वैध की अवैध, हा गुंता वकिलांना सोडवत बसावा लागला. अध्यक्षांना स्वतःलाही फारसं काही मिळत नव्हतं. २०११ च्या निवडणुकीआधी त्यांच्यासाठी सुमारे ७०,००० सायकलींची परदेशात ऑर्डर दिली गेली, आगाऊ पैसेही गेले, आणि सायकली काही आल्याच नाहीत. पगार तुटपुंजा असला की माणूस शिक्क्यावर जगायला लागतो. सहीला पैसे, पत्राला पैसे, अशा तक्रारी मग घरोघरच्या झाल्या.

ज्याला काढता येत नाही, ज्याला वरून शाबूत ठेवलंय, तो कुणाकडे तोंड करून उभा राहणार? जुनी मूठ अशी हळूहळू परत मिटायला लागली. कुणी बंड केलं नाही, रणगाडे आले नाहीत. नुसती निवडणूक पुढे ढकलत राहिले.

मग ती रांग

शेवटी २०१५ मध्ये कायदा बदलला, गावपातळीवर रांगेने मतदान चालेल असं ठरलं. खर्च कमी हे उघड कारण. आणि म्हणून १० जुलै २०१८ चा तो दिवस आला.

रांगेवर टीका भरपूर झाली, आणि ती बरोबर आहे. तुम्ही कुणाच्या मागे उभे आहात हे सावकार बघतो, सासरे बघतात, सत्ताधारी पक्षाचा माणूस बघतो. ज्याच्याकडून उद्या पत्र घ्यायचंय, त्याच्यासमोर दुसऱ्याच्या रांगेत उभं राहायला छाती लागते. गुप्त मतदान उगाच आलेलं नाही. दुसऱ्या बाजूने समर्थक म्हणतात, यात खोट्या मतपत्रिका घुसवता येत नाहीत. सगळं गाव स्वतः मोजतं.

मला दोन्ही पटतं. पण माझ्या मते रांग की मतपेटी यापेक्षा ती ठरलेल्या दिवशी परत लागते की नाही, हे जास्त महत्त्वाचं. २०१८ मध्ये निवडलेल्यांची पाच वर्षं २०२३ मध्ये संपली. आणि काय झालं असेल? मुदतवाढ.

म्हणून मंडळी, पुढच्या वेळी कुणी विकेंद्रीकरण, सत्ता लोकांच्या दारी वगैरे शब्द वापरले, तर कायद्याची कलमं विचारायच्या आधी एक साधी चौकशी करा. या माणसाला आपण काढू शकतो का, आणि कधी? १९४९ मध्ये कबाकाच्या वाड्यासमोर उभे राहिलेले शेतकरी हेच विचारत होते. त्यांच्या नातवंडांना याचं उत्तर १९८७ मध्ये मिळालं होतं. ते पुन्हा पुन्हा मागावं लागतंय, एवढंच.

भाग आवडला तर मित्रमैत्रिणींना पाठवा, न पटलेलं असेल तर मला नक्की कळवा. भेटू पुढच्या भागात. तोपर्यंत ऐकत राहा, वाचत राहा!